साठ हजारांची लिंबं

कोल्हापूर, रविवार

प्रिय दिलीप,

स. न. वि. वि.

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. उत्तराला उशीर झाला त्याला तूच जबाबदार. ‘सईला भारीतले लिम्ब घ्यायचेत, कुठले घेऊ?’ असं एका ओळीत विचारून तू मोकळा झालास, आणि मी तीन रविवार वडणग्याच्या शेतात लिम्बचे, म्हणजे धनुष्याच्या मुठीला वर-खाली जोडायच्या लवचिक पात्यांचे, दोन जोड आलटून पालटून चढवत बसलो.

आधी घरातली गंमत ऐक. फोनवर कुणाला तरी सांगत होतो, ‘बघायला लिम्ब आणलेत, साठ हजारांचे.’ आई तशीच पिठाच्या हातानं बाहेर आली. ‘साठ हजारांची लिंबं? लोणचं घालायचंय का लगीन काढायचंय?’ तेव्हापासून आमच्याकडे त्यांना लिंबंच म्हणतात.

तर एक जोड माझा नेहमीचा, कार्बनच्या थरांत लाकडी गाभा असलेला. दुसरा एका ओळखीच्या पोरानं महिनाभर वापरायला दिलेला, फोमच्या गाभ्याचा, वरच्या किमतीतला. दोन्हींवर ओढायचं वजन ३८ पौंड छापलंय, दोन्ही मीडियम लांबीचे, माझ्या २५ इंची रायझरवर, म्हणजे मधल्या मुठीच्या भागावर, बसले की धनुष्य ६८ इंचांचं. कागदावर बघशील तर सख्खे भाऊ.

पण ते ३८ पौंड २८ इंच ओढीला, म्हणजे दोरी तेवढी मागे आणल्यावर. आणि ही ओढ मोजायची ती मुठीच्या खोबणीपासून दोरीपर्यंत, वर पावणेदोन इंच धरून. माझी ओढ येते २९.५. म्हणून बो स्केल, म्हणजे ओढीचं वजन मोजायचा काटा, घेतला आणि इंचाइंचाला आकडा वहीत लिहिला. माझा जोड २८ ला ३८.५, २९ ला ४०.९ आणि ३० ला थेट ४४. पाहुणा जोड २८ ला ३८, २९ ला ३९.९, ३० ला ४१.९. म्हणजे माझा शेवटच्या इंचात तीन पौंडांची उडी घेतो, पाहुणा दोनाची. यालाच स्टॅकिंग म्हणतात. मी म्हणतो लिम्ब अडतो.

ते अडणं कळतं क्लिकरपाशी, म्हणजे ओढ पूर्ण झाली की बाणाच्या टोकावरून सुटून वाजणाऱ्या छोट्या पातीपाशी. दोरी हनुवटीला टेकलेली, नजर निशाणाच्या मधल्या पिवळ्यावर, बाणाचं टोक क्लिकरच्या पातीखाली जेमतेम २ मिलिमीटर उरलेलं, आणि ते २ मिलिमीटर काही केल्या सरत नाहीत. पाठीनं ओढायचं ते मी खांद्यानं ओढतो, खांदा वर येतो, क्लिकर वाजतो आणि बाण डावीकडे, घड्याळात नऊ असतात तिथं, निळ्या वर्तुळात. पाहुण्या जोडावर क्लिकर कधी वाजला तेच पहिल्या दिवशी कळलं नाही. लई भारी वाटलं, खोटं कशाला बोलू. संध्याकाळी रंकाळ्यावर बसून माझा जोड किती रुपयांना विकायचा याचा हिशेबही करून झाला.

वेग मोजायला यंत्र नव्हतं, पण नेम धरायची साईट होती की. दोरी तीच, बाण तेच, दोन्हींची ब्रेस हाइट, म्हणजे न ओढता मुठीपासून दोरीपर्यंतचं अंतर, ९ इंच. ७० मीटरवर पाहुण्या जोडाला साईटची पिन ३ मिलिमीटर वर घ्यावी लागली, म्हणजे बाण जास्त सरळ जातोय. बोटांवर वजन कमी असूनही वेग जास्त. टोकं हलकी असली की लिम्ब परतताना स्वतःला हलवण्यात कमी ताकद घालवतो, उरलेली बाणाला मिळते.

मग गुण. डोक्यात किंमत बसू नये म्हणून दोन्ही जोडांवरची नावं कागदी टेपनं झाकली. उपयोग शून्य. तिसऱ्याच बाणाला हाताला कळायचं कुठला चढवलाय. तरी आकडे सांगतो. पहिल्या रविवारी ३६-३६ बाण: माझा २८१, पाहुणा २८८. दुसऱ्या रविवारी माझा २९०, पाहुणा २८७. बस, माझी हवाच गेली. जोडांपेक्षा रविवारच जास्त वेगळे निघाले. तिसऱ्या रविवारी वारा सुटला, तीन बाण बटवरून, म्हणजे निशाण लावायच्या गठ्ठ्यावरून, पलीकडच्या उसात गेले, आणि मालक म्हणाला, आता तोड आल्यावरच बघा.

बाण शोधून दमलो आणि बांधावर बसलो तेव्हा डोक्यात उजेड पडला. माझा जोड वाईट नाहीच, माझ्या ओढीला धनुष्य आखूड आहे. मी लाँग लिम्ब घ्यायला हवे होते, ७० इंचांचं धनुष्य झालं असतं आणि ते अडणं बरंचसं गेलं असतं, निम्म्या पैशात. इतकी वर्षं मी चुकीच्या मापाचा शर्ट घालून शिंप्याला शिव्या देतोय. फोम का लाकूड यावरून पोरं तासन्‌तास भांडतात, पण ओढ कशी चढते हे जास्त करून लिम्बच्या वळणावर आणि लांबीवर ठरतं.

आता सई. १४ वर्षांची, ओढ फार तर २६ असेल. तिच्या हातात छापील ३८ चे ३४ सुद्धा नीट येणार नाहीत, आणि ज्या शेवटच्या इंचासाठी ते साठ हजार मोजायचे तिथं ती पोचणारच नाही. शिवाय वर्षभरात ती वाढेल, धनुष्याच्या ओढीचं वजनही बदलावं लागेल. तिला अदिती स्वामीसारखं व्हायचंय म्हणतोस, छानच. पण २०२३ मध्ये बर्लिनला अदिती जगज्जेती झाली ती कंपाउंडवर. त्याला चाकं असतात, पूर्ण ओढलं की वजन उतरतं. आपल्या रिकर्व्हला तसली सवलत नाही, जितकं ओढाल तितकं चढतं. प्रवीण जाधव रिकर्व्हवर टोकियो ऑलिम्पिकला गेला, तोही तुमच्या साताऱ्याकडचाच, सरडे गावचा. त्याचे व्हिडिओ दाखव तिला.

आणि वापरलेला जोड घ्यायचा झाला तर दोरी चढवून मागून बघितल्याशिवाय पैसे देऊ नको. गेल्या वर्षी मी फोटो बघून एक घेतला. चढवला तर दोरी वरच्या लिम्बच्या मधून आणि खालच्याच्या कडेनं. लिम्ब पिळलेला. विकणारा म्हणाला, ‘पाठवला तेव्हा सरळ होता.’ आता माळ्यावर पडलाय, आई त्यालाही लिंबूच म्हणते. फिटिंगही विचार. सईचा रायझर आयएलएफ, म्हणजे लिम्ब बसवायच्या सर्वसाधारण जोडणीचा, असेल तर कुठल्याही कंपनीचे आयएलएफ लिम्ब बसतात, पण हॉइटचं फॉर्म्युला फिटिंग वेगळं, ते बसत नाही.

सध्या एवढंच कर. तिला एक लांब बाण लावून हलकं धनुष्य पूर्ण ओढायला लाव, खोबणीसमोर बाणावर पेनानं खूण कर आणि माप कळव. नाहीतर पुढच्या रविवारी तिला घेऊनच ये, बो स्केल आहे, पाहुणा जोडही अजून दहा दिवस माझ्याकडे आहे. येताना तिचे बाण आण. माझे उसात आहेत.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
संजय