खोक्यावर दोन ओळी वाढवा, मंत्रीमहोदय

प्रति,
माननीय केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

विषय : मोबाइल, लॅपटॉप, राउटरच्या खोक्यावर आणखी दोन गोष्टी छापणं सक्तीचं करण्याबाबत

स. न. वि. वि.

वजनमापं आणि आवेष्टित वस्तूंचे नियम आपल्या खात्याकडे येतात, म्हणून हे पत्र दूरसंचार किंवा अर्थ खात्याला न लिहिता आपल्याला लिहितो आहे. मागणी लहान आहे. फोनच्या खोक्यावर आज सर्व करांसह किंमत असते, उत्पादनाचा किंवा आयातीचा महिना असतो, कंपनीचा पत्ता आणि तक्रारीसाठी फोन नंबर असतो. त्यात दोन ओळी वाढवा. या वस्तूतली कोणती सोय भारतात सध्या बंद आहे, ही एक. आणि कंपनी सुरक्षेचे अपडेट कोणत्या तारखेपर्यंत देणार, ही दुसरी.

आमच्या सोसायटीत कुणाला फोन-लॅपटॉप घ्यायचा असला की आधी माझ्याकडे येतात, त्यामुळे या दोन ओळींवाचून काय होतं ते जवळून बघायला मिळतं.

५जीचंच घ्या. ५जी असं ठळक छापलेले फोन आपल्याकडे २०२० पासून विकले जात होते. स्पेक्ट्रमचा लिलाव संपला १ ऑगस्ट २०२२ ला आणि सेवेचा प्रारंभ झाला १ ऑक्टोबरला. पहिल्या तेरा शहरांच्या यादीत पुणे होतं, पण यादीत नाव आलं म्हणून कोथरूडमध्ये त्याच रात्री सिग्नल आला असं नाही. आयफोनवाले तर डिसेंबरातल्या अपडेटची वाट बघत बसले. म्हणजे दोन-अडीच वर्षं लोकांनी ५जीचे पैसे मोजून ४जी वापरलं. सुरुवातीच्या काही फोनमध्ये ५जीचे बँड, म्हणजे लहरींचे पट्टेही मोजकेच होते. यात लबाडी कुणाची होती असं मी म्हणत नाही. फोनमध्ये ५जी होतंच. पण ‘भारतात ही सेवा अजून सुरू नाही’ हे सहा शब्द खोक्यावर असते, तर निम्म्या लोकांनी चार हजार रुपये कमीचा फोन घेतला असता.

वाय-फायची गोष्ट याहून लांबली. ६ गिगाहर्ट्‌झचा लहरींचा पट्टा अमेरिकेने एप्रिल २०२० मध्ये वाय-फायसाठी खुला केला. आपल्याकडे त्यातल्या खालच्या भागासाठी नियमांचा नुसता मसुदा यायला मे २०२५ उजाडलं. दूरसंचार कंपन्यांना तो पट्टा मोबाइल सेवेसाठी हवा होता, वाद खरा होता, आणि सरकारने घाईने निर्णय घ्यायला हवा होता असा माझा आग्रह नाही. पण या पाच वर्षांत वाय-फाय ६ई लिहिलेले फोन आपल्या दुकानांत आलेच, आणि त्यातला ‘ई’ ज्या पट्ट्यासाठी आहे तोच इथे बंद होता. सोनीने मात्र प्लेस्टेशन ५ प्रो हे गेम खेळायचं यंत्र नोव्हेंबर २०२४ मध्ये बाहेर आणताना सांगून टाकलं, की ६ गिगाहर्ट्‌झला परवानगी नसलेल्या देशांत, भारतासकट, ते मिळणार नाही. पोरं चिडली, पण निदान कुणाचे पैसे अडकले नाहीत.

ट्रेकवाल्यांचंही तसंच. नव्या आयफोनमध्ये उपग्रहावरून मदत मागण्याची सोय आहे हे वाचून एखादा तोरणा-राजगड करायला निघतो. भारतात ती सोय चालत नाही हे त्याला कुणीतरी खरेदीच्या वेळी सांगायला नको?

आता दुसरी ओळ, आणि माझ्या मते जास्त महत्त्वाची. अपडेटची वर्षं कंपनी मोजते ती फोन बाजारात आल्यापासून, आपण विकत घेतल्यापासून नव्हे. दिवाळीच्या सेलमध्ये सगळ्यात मोठी सूट असते ती बहुधा दोन वर्षांपूर्वीच्या मॉडेलवर. आमच्याच इमारतीतल्या एका काकूंनी असा फोन घेतला. सीलबंद, कोरा, बिलासकट. त्या फोनच्या तीन वर्षांपैकी दोन वर्षं गोदामात संपली होती. पुढे अपडेट थांबले आणि काकू विचारायला लागल्या, “अरे, यावर पेन्शनचं खातं बघू की नको?” दुकानदाराला दोष देता येत नाही, त्यालाही माहीत नव्हतं. तारीख असते ती कंपनीच्या संकेतस्थळावर, चार पानं आत, इंग्रजीत.

पिक्सेल ८ चे अपडेट ऑक्टोबर २०३० पर्यंत मिळणार, हे गूगलने फोन आणतानाच सांगितलं. म्हणजे तारीख ठरलेली असते, छापायला अडचण नसते. ब्रिटनने २९ एप्रिल २०२४ पासून इंटरनेटला जोडलेल्या वस्तूंसाठी हा कालावधी जाहीर करणं कायद्याने बंधनकारक केलं. युरोपीय संघाने जून २०२५ पासून फोनसाठी किमान पाच वर्षांच्या अपडेटची अटच घातली. मी तेवढंही मागत नाही. तीन वर्षं द्या, दोन द्या, पण तारीख छापा. दुधाच्या पिशवीवर असते, चाळीस हजारांच्या फोनवर का नको?

कंपन्या म्हणतील, खोक्यावर जागा नाही. जागा आहे. किरणोत्सर्गाचा ‘एसएआर’ आकडा, म्हणजे फोनच्या लहरी शरीर किती शोषतं त्याचं माप, आपण फोनवाल्यांना जाहीर करायला लावतो, मर्यादा १.६ वॉट प्रति किलो. तो वाचून फोन बदललेला माणूस मला तरी अजून भेटायचा आहे. क्यूआर कोडमध्ये घालतो अशी पळवाटही निघेल. कृपया ती देऊ नका. कोड स्कॅन करायला आधी चालू फोन लागतो.

थोडं सरकारच्या स्वतःच्या तारखांबद्दल. ३ ऑगस्ट २०२३ ला लॅपटॉप-टॅब्लेटच्या आयातीवर तत्काळ परवान्याची अट आली. इकडे इंजिनिअरिंगच्या प्रवेशांचा हंगाम. पालक दुकानात धावले. दुसऱ्याच दिवशी मुदत ३१ ऑक्टोबरपर्यंत वाढली. मग तत्काळ कशासाठी? २०२५ मध्ये उलट झालं. जीएसटी कमी होणार हे १५ ऑगस्टला कळलं, कशावर किती हे ३ सप्टेंबरला, आणि लागू झालं घटस्थापनेला, २२ सप्टेंबरला. मधे गणपती येऊन गेले. तपकीर गल्लीतला माझ्या ओळखीचा विक्रेता स्वतःच सांगत होता, “काका, घट बसू द्या, मग न्या.” त्रेचाळीस इंची टीव्हीची मूळ किंमत ३० हजार धरली, तर २८ टक्क्यांनी ३८,४०० आणि १८ टक्क्यांनी ३५,४००. ज्याचा टीव्ही नेमका गणपतीत बंद पडला, त्याने तीन हजार जास्त भरले. कर ठरवणं आपल्या हातात नाही, हे जाणतो. पण अशा तारखा ठरताना सणासुदीच्या गिऱ्हाइकाची बाजू मांडणारं एखादं खातं असेल, तर ते आपलंच.

ग्राहक पंचायतीची चळवळ १९७४ मध्ये याच शहरात उभी राहिली, तेव्हा लढाई भेसळ आणि काटामारीशी होती. वैधमापन निरीक्षक आजही दुकानात येऊन काटा तपासतात. नियम झाला तर खोकं तपासायला त्यांना वेगळं मनुष्यबळ लागणार नाही. सगळ्या वस्तूंना एकदम लावणं जड जाणार असेल, तर फोन आणि राउटरपासून सुरुवात करा, आणि आधीच्या मालाला सहा महिन्यांची सवलत द्या. मसुदा काढलात तर हरकती-सूचनांसाठी तो मराठीतही उपलब्ध करावा, ही विनंती.

आपला,
सदाशिव पेठेतला एक ग्राहक
पुणे ३०