इन्स्ट्रुमेंट रेटिंग: तास कमी म्हणून मार्ग सोपा नव्हे

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

आपल्या करिअर पुरवणीतला वैमानिक प्रशिक्षणावरचा लेख वाचला. लेख एरवी चांगला आहे, पण इन्स्ट्रुमेंट रेटिंगचा, म्हणजे बाहेरचे काही दिसत नसताना केवळ उपकरणे पाहून उडण्याच्या पात्रतेचा, विषय लेखकाने दोन ओळींत उरकला आहे. 'सर्वांत कमी तासांत होणारा कोर्स निवडावा' हा त्यातला सल्ला हौसेने उडणाऱ्याला एक वेळ चालेल. एअरलाइनकडे डोळे लावून बसलेल्या मुलामुलींना मात्र तो महागात पडू शकतो. बरीच वर्षे उड्डाण प्रशिक्षक म्हणून काम केले असल्याने राहवले नाही, म्हणून हे पत्र.

आधी तासांचा हिशेब पाहू. अमेरिकेत या रेटिंगसाठी उपकरणांवर उडण्याचे 40 तास लागतात आणि मान्यताप्राप्त शाळेच्या अभ्यासक्रमात ते 35 वर येतात. युरोपात जुन्या मॉड्युलर (टप्प्याटप्प्याने करायच्या) कोर्सला एका इंजिनाच्या विमानावर 50 तास, तर 2014 पासून आलेल्या क्षमताधिष्ठित (तासांपेक्षा कौशल्यावर भर देणाऱ्या) कोर्सला 40. म्हणजे दहा तास वाचले, असे कोणालाही वाटेल. पण बारीक अक्षरातले वाचा. पन्नासपैकी 35 तास चांगल्या दर्जाच्या सिम्युलेटरवर करता येतात, चाळीसपैकी 25. दोन्हीकडे विमानात बसून करायचे उरतात ते पंधराच. वाचतात ते सिम्युलेटरचे तास! क्षमताधिष्ठित मार्गाचा खरा फायदा वेगळाच आहे. प्रशिक्षण संस्थेबाहेर पात्र प्रशिक्षकाबरोबर घेतलेले तास त्यात धरले जातात, त्यामुळे नोकरी सांभाळून शिकणाऱ्याची सोय होते. ज्याच्याकडे असा अनुभव नाही, त्याला या मार्गाचे एवढे अप्रूप का वाटावे, हे मला कळलेले नाही.

सिम्युलेटरला मी नावे ठेवत नाही. होल्डिंगमध्ये (उतरण्याची पाळी येईपर्यंत आकाशात मारायच्या घिरट्यांत) शिरण्याची पद्धत, अप्रोच (धावपट्टीकडे उतरत येणे) चुकल्यावर करायच्या गोष्टी, अगदी खाली आल्यावर इंजिन बंद पडणे, हे सगळे तिथेच घोटून घ्यावे. चित्र थांबवून 'आता सांग, तू नेमका कुठे आहेस?' असे विचारता येते, विमानात ती सोय नाही. पण साधा सिम्युलेटर जागचा हलत नाही आणि कान फसतात ते हालचालीमुळे. विमान हळूहळू एका बाजूला कलले तर आतल्या कानाला त्याचा पत्ताच लागत नाही. वळण तसेच चालू राहिले की वीसेक सेकंदांत कानातला द्रव स्थिरावतो आणि आपण सरळ चाललो आहोत असे वाटू लागते. मग विमान खरोखर सरळ केले की उलट्या बाजूला वळल्याचा भास होतो. हूड (बाहेरचे दिसू नये म्हणून डोळ्यांवर लावायची झापड) लावलेला विद्यार्थी वळणात असताना खाली पडलेली पेन्सिल उचलायला वाकतो, मान वर करतो आणि कृत्रिम क्षितिज (विमानाचा कल दाखवणारे उपकरण) बरोबर दाखवत असतानाही स्टिक भलतीकडे ढकलतो. हे मी शेजारच्या सीटवरून अनेकदा पाहिले आहे. 1954 साली अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात उपकरणांवर उडण्याचे प्रशिक्षण नसलेल्या 20 वैमानिकांना कृत्रिम ढगात घातले होते. सगळ्यांचा ताबा सुटला, सरासरी 178 सेकंदांत.

म्हणून चौकशीला जाल तेव्हा खरे ढग किती मिळतील, हे विचारा. बाराही महिने निरभ्र आकाश असलेल्या ठिकाणी कोर्स वेळेत संपतो, हे खरे. पण सगळे शिक्षण हूडखाली होते, आणि हूडच्या कडेने उजेडाची फट दिसतच असते. ढगात शिरताना पहिला धक्का बसतो तेव्हा शेजारी प्रशिक्षक असलेला बरा.

याहून मोठी गोष्ट म्हणजे परवाना कोणत्या देशाचा हवा, हे आधी ठरवायला हवे. ते न ठरवताच स्वस्त आणि जवळचा कोर्स गाठणारे बरेच असतात. एका देशाचे रेटिंग दुसऱ्या देशात आपोआप चालत नाही, बहुतेक ठिकाणी पुन्हा लेखी परीक्षा, पुन्हा चाचणी. युरोपात 2021 पासून बेसिक इन्स्ट्रुमेंट रेटिंग नावाचा प्रकारही आहे. खासगी वैमानिकांसाठी तो उत्तम, पण एअरलाइनच्या वाटेवर त्याला पूर्ण रेटिंगची जागा घेता येत नाही. नाव सारखे पाहून फसू नका.

वेळेचेही गणित आहे. युरोपात एअरलाइन दर्जाच्या लेखी परीक्षा पूर्ण झाल्यावर व्यावसायिक परवाना आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग 36 महिन्यांत पदरात पाडून घ्यावे लागते. ते झाले की त्याच परीक्षा रेटिंगची मुदत संपल्यानंतरही 7 वर्षे धरल्या जातात. रेटिंग मात्र दरवर्षी चाचणी देऊन जिवंत ठेवावे लागते. लवकर करून ठेवले आणि पुढे काम मिळाले नाही, तर दरवर्षी खर्च आहेच. अमेरिकेत वेगळेच: रेटिंगची मुदत संपत नाही, पण सहा महिन्यांत सहा अप्रोच झाले नसतील तर त्याचा वापर करता येत नाही. माझे मत विचाराल तर विमानावर तास गोळा करून झाल्यावर, हात गरम असताना, मध्ये खंड न पाडता हा कोर्स करावा आणि शेवट दोन इंजिनांच्या विमानावर करावा. महिन्यात दोन फेऱ्या मारून शिकणाऱ्याचा निम्मा वेळ मागचे आठवण्यातच जातो. युरोपातल्या चाचणीत निर्णयाच्या उंचीला (जिथे धावपट्टी दिसली नाही तर पुन्हा वर जायचे असते) 50 फूट वर चालते, खाली एक फूटही नाही, आणि एक इंजिन बंद असताना हे साधायचे असते.

पुढच्या पुरवणीत या विषयावर पुन्हा लिहिणार असाल, तर प्रत्येक मार्गाच्या तासांपुढे 'विमानात किती, सिम्युलेटरवर किती' अशी फोड अवश्य छापावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त उड्डाण प्रशिक्षक