ब्रेक निकामी होण्याआधी गाडी सांगत असते

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

‘ब्रेक निकामी झाल्याने चालकाचा ताबा सुटला’ हे वाक्य मी वर्तमानपत्रांत वर्षानुवर्षं वाचत आले आहे. गाव बदलतं, घाट बदलतो, वाक्य तेच असतं. पूर्वी हळहळून पान उलटायची. आता ते वाचलं की मनात येतं, ब्रेक जायच्या आधी गाडीने काही सांगितलं होतं का? आणि सांगितलं असेल, तर ते गाडीत बसलेल्या कुणाला कळलं का? आमच्या गाडीने सांगितलं होतं. आम्हाला कळलं नाही. म्हणून हे पत्र लिहिते आहे. थोडं लांबलं आहे, तरी शक्य असेल तर पूर्ण छापावं.

रविवार होता. जोतिबाचं दर्शन घेऊन आम्ही परत निघालो होतो. गाडी सूनबाई चालवत होती, शेजारी मी, मागे दोन नातवंडं. डोंगरावर गुलाल कुठे कुठे जातो हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. सीट, स्टेअरिंग, मीटरची काच, सगळं गुलाबी झालेलं. केर्लीच्या बाजूला उतरायला लागलो आणि सून म्हणाली, “आई, हे लाल काय लागलंय बघा.” मला वाटलं, गुलालच असेल. पदराने काच पुसली. गुलाल निघाला, लाल तसंच राहिलं. एक गोल, त्यात उद्गारचिन्ह, दोन्ही बाजूंना कंसासारख्या रेघा. इतक्यात रस्ता सरळ झाला आणि दिवा विझला. पुढच्या वळणावर परत लागला. सरळ रस्त्याला परत विझला. हँडब्रेक नीट सुटलाय ना, तेवढं तिने चाचपून पाहिलं. मी म्हणाले, “वायर लूज असेल, घरी गेल्यावर बघू.” तीस वर्षं मी मुलांना विज्ञान शिकवलं आहे, पण हा दिवा फक्त वळणावरच का लागतो, हा प्रश्न त्या वेळी मला पडला नाही, याची खंत आजही वाटते.

उतार संपत आला तसं पेडल नेहमीपेक्षा खोल जायला लागलं. सून घाबरली, पण तिने डोकं शांत ठेवलं. गिअर उतरवत उतरवत गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला, चारही इंडिकेटर लावले. मी उतरून चाकामागे दगड लावला. ह्यांना फोन केला. ते उद्यमनगरातून मिस्त्रींना घेऊन आले. मिस्त्रींनी पेडल एकदा दाबलं आणि गाडी कुणालाच चालवू दिली नाही. टो करूनच नेली.

गॅरेजमध्ये त्यांनी बॉनेट उघडलं आणि मला जवळ बोलावलं. एक पांढुरकी, अर्धपारदर्शक बाटली, तिच्यावर दोन रेघा. “ताई, ही ब्रेक ऑइलची बाटली. ऑइल ह्या दोन रेघांच्या मधी पायजे. तुमचं खालच्या रेघंच्याबी खाली गेलंय.” बाटलीत एक तरंगता असतो. ऑइल कमी झालं की तो खाली बसतो आणि दिवा पेटतो. पातळी अगदी काठावर असली, की वळणावर ऑइल एका अंगाला कलतं, तरंगता खाली बसतो, दिवा लागतो. गाडी सरळ झाली की ऑइल समतल होतं, दिवा विझतो. “दिवा लूज नव्हता ताई. त्यो खरंच सांगत हुता.” मग त्यांनी मागचं डावं चाक काढलं. टायरच्या आतल्या अंगाला ओल होती, बोट फिरवलं तर तेलकट. ड्रमच्या आतल्या छोट्या सिलिंडरचं रबर गेलं होतं आणि ऑइल थेंब थेंब पाझरत होतं.

आम्ही वाचलो ते का, हेही त्यांनीच सांगितलं. मोटारीच्या ब्रेकच्या नळ्या दोन वेगवेगळ्या गटांत असतात. एका गटातून गळती झाली तरी दुसरा दोन चाकं धरून ठेवतो. पेडल खोल जातं, गाडी थांबायला जास्त अंतर लागतं, पण थांबते.

मला सगळ्यात जास्त बोचली ती पुढची गोष्ट. दोन महिन्यांपूर्वी हाच दिवा एकदा लागला होता. तेव्हा रस्त्यातल्या एका गॅरेजवाल्याने वरून ऑइल ओतलं, दिवा विझला आणि आम्ही खूश होऊन निघालो. ते ऑइल गेलं कुठे, हे त्याने पाहिलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. इंजिन ऑइल थोडंफार जळतं, ब्रेक ऑइल जळत नाही. ते बंद नळ्यांत असतं. पातळी उतरली तर कारणं दोनच: पॅड झिजले, किंवा कुठेतरी गळती आहे. दोन्हींत नुसतं ऑइल ओतणं म्हणजे तापाच्या पोराचं अंग न बघता थर्मामीटर झटकून ठेवणं.

यात एक घोटाळा आहे, तो सगळ्यांनी लक्षात ठेवावा. हँडब्रेक ओढला की लागतो तो दिवा आणि ब्रेक ऑइल कमी झाल्याचा दिवा बहुतेक गाड्यांत एकच असतो. त्यामुळे तो दिसला की “हँडब्रेक राहिला असेल” म्हणून माणूस निर्धास्त होतो. हँडब्रेक पूर्ण सोडूनही दिवा लागलेला असेल, किंवा लागून विझत असेल, तर गाडी पुढे न्यायची नाही. चावी फिरवल्यावर गाडी चालू करायच्या आधी जवळपास सगळे दिवे एकदम लागतात आणि काही सेकंदांत विझतात. ती गाडीची हजेरी आहे. त्या हजेरीत ब्रेकचा, एबीएसचा (जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी व्यवस्था) किंवा एअरबॅगचा दिवा लागलाच नाही, तर तोही बिघाडच समजावा. जुनी गाडी विकताना काही लोक दिवाच बंद करून ठेवतात, असं मिस्त्री म्हणाले. सेकंडहँड गाडी घेणाऱ्यांनी टायर-इंजिन बघायच्या आधी चावी फिरवून हे दिवे मोजावेत.

रंगाचा नियम सोपा आहे. लाल म्हणजे आत्ता थांबा, पिवळा म्हणजे लवकर दाखवून घ्या, हिरवा-निळा म्हणजे काहीतरी चालू आहे एवढंच. तेलाच्या बुधलीसारखा लाल दिवा लागला तर इंजिनमध्ये ऑइलचा दाब नाही, इंजिन तिथल्या तिथे बंद करायचं. तापमापकाचा लाल लागला तर थांबून गार होऊ द्यायचं, गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. बॅटरीचा लाल म्हणजे चार्जिंग होत नाही. इंजिनाच्या आकृतीचा पिवळा नुसता लागून राहिला तर दोन-चार दिवसांत दाखवा, पण लुकलुकत असेल तर वेग कमी करून जवळचं गॅरेज गाठा. एबीएसचा पिवळा एकटाच लागला तर साधे ब्रेक चालतात, फक्त जोरात दाबल्यावर चाकं जाम होऊ शकतात. पण एबीएसचा पिवळा आणि ब्रेकचा लाल एकदम लागले तर प्रकरण गंभीर आहे. पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटून देणारी व्यवस्थाही गेलेली असू शकते. अशा वेळी थांबावं आणि मिस्त्रींना बोलवावं.

आता घाटाबद्दल. इथे थोडं सविस्तर लिहिते, कारण इथे दिवा मदतीला येत नाही. आपल्याला पन्हाळा, आंबा, फोंडा, गगनबावडा हे घाट घरच्यासारखे आहेत आणि त्यामुळेच आपण बेफिकीर झालो आहोत. उतारावर पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रल करणारे मी डोळ्यांनी पाहिले आहेत. काही तर इंजिनच बंद करतात. ब्रेकला आपल्या पायाचा जोर पुरत नाही, त्याला बूस्टर मदत करतो, आणि त्या बूस्टरला लागणारी निर्वात पोकळी चालू इंजिनामुळे मिळते. इंजिन बंद केलं की दोन-तीनदा दाबेपर्यंत ब्रेक बरा लागतो, मग पेडल दगडासारखं कडक होतं. स्टेअरिंगही जड होतं. इंजिन चालू ठेवून न्यूट्रल केलं तरी गाडीला अडवणारं इंजिन बाजूला होतं आणि सगळा भार ब्रेकवर पडतो.

सतत दाबून ठेवलेले ब्रेक तापतात. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात ओलाव्याला तोटा नाही. डॉट ३ प्रकारचं ताजं ऑइल किमान २०५ अंशांना उकळतं. त्यात पाणी मुरलं की तो आकडा १४० पर्यंत उतरतो. डॉट ४ चे हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. ऑइल उकळलं की नळीत वाफ होते. वाफ दाबली जाते, जोर चाकापर्यंत पोचतच नाही, पेडल सरळ तळाला टेकतं. बाटलीत पातळी बरोबर असल्यामुळे लाल दिवा लागत नाही. त्याआधी खूण मिळते ती नाकाला आणि पायाला: जळका वास येतो, पेडल मऊ लागतं. तेव्हा थांबून अर्धा तास गाडी गार होऊ द्यायची. गरम चाकावर पाणी मात्र ओतायचं नाही. आणि साधारण दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलून घ्यायचं. सर्व्हिसिंगच्या बिलात ही ओळ आहे का, एकदा बघा. आमच्या बिलांत पाच वर्षांत एकदाही नव्हती.

ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, हे जुने ड्रायव्हर सांगत आले आहेत आणि ते अगदी खरं आहे. इंजिनला गाडी अडवू द्यायची, ब्रेक मधून मधून ठाम दाबून सोडायचा. इतकं करूनही पेडल तळाला गेलंच, तर भरभर पंप करावं, काही वेळा थोडा दाब परत येतो. एकेक गिअर उतरवावा, हँडब्रेकचं बटण दाबून ठेवून तो हळूहळू ओढावा. एकदम खेचला तर मागची चाकं जाम होऊन गाडी फिरते. चावी काढायची नाही, स्टेअरिंग लॉक होतं.

पंप करण्याची ही सवय एबीएसच्या गाडीत एरवी ठेवू नये. एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींना एबीएस सक्तीचं आहे, म्हणजे आता बहुतेक नव्या गाड्यांत ते आहेच. आमच्या ह्यांना जुन्या गाडीची सवय, ते अजून ब्रेक दाबून-सोडून-दाबून मारतात. एबीएसमध्ये पूर्ण जोराने दाबून धरायचं आणि स्टेअरिंगने वाट काढायची. पेडल पायाखाली थरथरतं, खरखर आवाज येतो. त्या थरथरीला घाबरून पाय काढणारे पुष्कळ आहेत.

आणि एक छोटी गोष्ट. देवदर्शनाचा नारळ ड्रायव्हरच्या पायाशी ठेवू नका. तो गडगडत ब्रेकच्या पेडलखाली गेला तर पेडल दाबलंच जात नाही. पाण्याच्या बाटलीचंही तसंच.

सुनेने ड्रायव्हिंग स्कूलमध्ये रीतसर पैसे भरून शिकवणी घेतली होती. क्लच, गिअर, रिव्हर्स, सगळं शिकवलं. चावी अर्धी फिरवून “हे दिवे बघा, याचा अर्थ हा” असं कुणी पाच मिनिटंही सांगितलं नाही. लर्निंगच्या परीक्षेत रस्त्याकडेच्या चिन्हांचे प्रश्न आले, डॅशबोर्डवरच्या चिन्हाचा एकही आला नाही. गाडीबरोबर मिळालेलं जाडजूड पुस्तक इंग्रजीत आहे आणि ते अजून प्लॅस्टिकच्या पिशवीतच होतं. ज्या घरात इंग्रजी वाचणारं कुणी नाही, त्यांनी काय करायचं? ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांनी एक तास गाडी उभी ठेवून शिकवावं, कंपन्यांनी ही माहिती मराठीत द्यावी, अशी माझी कळकळीची मागणी आहे.

आपल्याकडे एकच मागणं आहे. पावसाळ्याआधीच्या एखाद्या रविवारच्या पुरवणीत या दिव्यांचा तक्ता छापा. प्रत्येक चिन्ह, त्याखाली मराठीत दोन ओळी, घडी घालून गाडीच्या कप्प्यात बसेल एवढा. पण तो रंगीत पानावरच छापा. काळ्या-पांढऱ्यात लाल कुठला आणि पिवळा कुठला, हे वाचकाला कळणार नाही.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका
मंगळवार पेठ, कोल्हापूर