फ्रिज गुरुवारीच लावा, बाबा

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र बघून घाबरू नका, सगळं ठीक आहे. फोनवर घाईत अर्धं सांगायचं राहून जातं आणि ही गोष्ट अर्धी राहून चालणार नाही, म्हणून लिहितेय. शनिवारी पहाटे आपण निघणार. त्याआधी जीपमागं जोडायच्या आपल्या राहायच्या ट्रेलरमधला फ्रिज गार व्हायला पाहिजे, आणि तो शनिवारी पहाटे लावून गार होत नाही. गुरुवारी संध्याकाळी दिवेलागणीला लावा. आत बर्फगार व्हायला त्याला अख्खी रात्र लागते, उन्हाळ्यात त्याहून जास्त.

हा आपल्या स्वयंपाकघरातल्या फ्रिजसारखा नाही, बाबा. त्यात कॉम्प्रेसर नाही. अमोनिया आणि पाण्याचं मिश्रण उष्णतेनं उकळतं, अमोनियाची वाफ वर जाऊन निवते आणि द्रवरूप अमोनिया पुन्हा उडून जाताना आतली उष्णता ओढून घेतो. हलणारा एकही भाग नाही, म्हणून घरघर नाही. मागच्या खेपेला आवाज येत नाही म्हणून करंट नाही असं समजून तुम्ही बटण दोनदा बंद-चालू केलं होतं. आता तसं करू नका. लावल्यावर तासाभरानं ट्रेलरच्या बाहेरच्या अंगाला, वरच्या जाळीपाशी तळहात धरा. उबदार हवा हाताला लागली की समजा, काम चाललंय.

लावायच्या आधी ती जाळी जरूर बघा. पावसाळ्यापासून ट्रेलर आंब्याखाली उभा आहे, कुंभारीण माशीनं मातीचं घर बांधलं असेल तर बारीक काडीनं अलगद काढा. हवा खेळली नाही तर फ्रिज कितीही वेळ लावा, गार होणार नाही.

आणि पाणसळ. घर बांधताना तुम्ही गवंड्याच्या हातातून घेऊन प्रत्येक थर तपासायचात, तीच घ्या. आतला द्रव कुठल्या पंपानं फिरत नाही, आपल्या वजनानं खाली वाहतो. ट्रेलर कलता असला की तो एका जागी साचतो, गारवा येत नाही आणि तसाच बराच वेळ चालवला तर फ्रिज कायमचा बाद होतो. आपलं अंगण विहिरीकडं उतरतं, म्हणून त्या बाजूच्या चाकाखाली फळी लागेल. पाणसळ फ्रिजच्या आत तळाला ठेवा, एकदा आडवी, एकदा उभी. चाकं सरकवायला शेजारच्या पोरांना बोलवा, एकट्यानं जोर लावू नका. हा फ्रिज गॅसवरही चालतो, पण गॅसवर लावायचं माझ्यावर सोडा. तुम्ही फक्त ओसरीतल्या प्लगवरून जाड वायर ओढून विजेवर लावा.

आई, आता तुझं काम. पहिल्या रात्री आत काही भरू नकोस, फक्त घरच्या फ्रिजमध्ये गार केलेल्या पाण्याच्या चार-पाच बाटल्या ठेव. दही, लोणी, कोथिंबीर शुक्रवारी रात्री घरच्या फ्रिजमध्येच राहू दे, पहाटे निघताना गारच हलवू. कोमट काही नको, दूध तापवलंस तर पूर्ण निवून गार झाल्यावरच. कप्प्यावर वर्तमानपत्र अंथरायची तुझी सवय मला माहीत आहे, पण इथं नको, कागदानं हवा अडते. दोन डब्यांच्या मध्ये हात जाईल एवढी जागा ठेव. कडक भाकरी, शेंगाचटणी, करदंट यांना फ्रिज लागतच नाही, ते पिशवीत.

एवढं बारीक का लिहितेय ते सांगते. गेल्या वर्षी दिवाळीनंतर गोकाकला गेलो होतो तेव्हा बाबांच्या इन्सुलिनची बाटली हातातून पडून फुटली असं मी म्हणाले. ती फुटली नव्हती. त्या दिवशी फ्रिज मी सकाळी निघतानाच लावला होता आणि कोमट दूध, भाज्या सगळं ठासून भरलं. संध्याकाळी बघते तर आत नुसतं कोंदट. मी घाबरले, बटण शेवटपर्यंत फिरवलं आणि बाटली मागच्या गार पट्टीला टेकवून ठेवली. पहाटे हातात घेतली तर आत बर्फाच्या सुया दिसत होत्या. गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी वापरता येत नाही. ते 2 ते 8 अंशांत राहायला हवं. तुम्ही झोपला होतात, मी दुकान उघडायची वाट बघत थांबले आणि नवीन बाटली आणली. बाबा, त्या दिवशी तुमच्याशी खोटं बोलले, ते आजवर मनात सलतंय.

म्हणून यंदा मधल्या कप्प्यावर पाण्याचा ग्लास ठेवून त्यात थर्मामीटर बुडवा. दार उघडल्यावर हवा लगेच तापते, पाणी तसं तापत नाही, म्हणून आकडा खरा कळतो. शुक्रवारी संध्याकाळी तो 4 च्या खाली दिसायला हवा. इन्सुलिन मी डब्यात घालून दाराच्या बाजूला ठेवेन, मागच्या पट्टीपासून लांब. आणि जीप चालू असताना फ्रिज तिच्या 12 व्होल्टवर चालेल खरा, पण त्यात आधीचा गारवा टिकतो एवढंच. नव्यानं गार करायची ताकद त्यात फारशी नसते. मुक्कामाला प्लग असेल तिथं विजेवर, नसेल तिथं गॅसवर.

बाबा, मलप्रभा नदीचा कणकुंबीतला उगम तुम्ही पाहिलाय. खानापूरच्या घाटावर आम्हाला पोहायला शिकवताना तुम्ही म्हणायचात, हे पाणी पुढं कुठं जातं ते एकदा बघायचंय. शनिवारी सौंदत्तीला यल्लम्माचं दर्शन घेऊन नविलुतीर्थाचं धरण बघू, तिथं आपली मलप्रभा अडवलीय. रविवारी पट्टदकल्लला तिच्याच काठावरची चालुक्यांची देवळं, सोमवारी कूडलसंगमला ती कृष्णेला मिळते ती जागा आणि बसवेश्वरांची समाधी. दुपारी ऊन चढलं की आपण सावलीत थांबू, ट्रेलरही सावलीतच लावू, जाळीच्या बाजूला पश्चिमेचं ऊन नको. आईच्या गुडघ्यांसाठी पायरीला लाकडी स्टूल घेतलंय.

मी शुक्रवारी रात्री उशिरा पोचेन. तोवर दार उगाच उघडू नका. मध्ये वीज गेली तर किती वेळ गेली होती ते कागदावर टिपून ठेवा, आणि संध्याकाळी आकडा बघून मला फोन करा. 4 च्या वर असला तरी करा, मी बसमध्ये असेन, फोन उचलेन.

तुमची,
धाकटी