विद्यापीठ गेटजवळच्या झेरॉक्सवाल्या काकांना

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

पत्र असं सगळ्यांसमोर लिहितेय, कारण तुमच्या व्हॉट्सअॅपला पाठवलं असतं तर प्रिंट काढायची समजून तुम्ही दोन रुपये लावले असते.

मी पहिल्यांदा दुकानात आले ती सहायक प्राध्यापकाच्या अर्जाच्या सात प्रती काढायला. पीएचडी मिळाल्याचं नोटिफिकेशन निघालेलं, सेट ही राज्याची पात्रता परीक्षाही आधीच झालेली. वाटलं, आता नुसते कागद जोडायचे. तुम्ही गठ्ठा मशीनवर ठेवायच्या आधी उलटून पाहिलात. "तीन वर्षं सीएचबीवर शिकवायलीस म्हणतीस, अन् त्याचा कागद कुठाय?" (सीएचबी म्हणजे तासिका तत्त्व, जेवढे तास तेवढे पैसे.)

प्राचार्यांच्या सहीचा दाखला होता की! तुम्ही तो बाजूला सारलात. "ह्याला विद्यापीठाचं मान्यतापत्र जोड. न्हाईतर छाननीत उडतंय."

यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, 2018 च्या नियमावलीतला गुणांचा तक्ता तुम्ही काचेला आतून चिकटवलाय. पेनाचं टोपण त्याच्यावर टेकवत तुम्ही माझा हिशेब मांडलात. पदवीला 67 टक्के, म्हणजे 13. एम.एस्सी.ला 71, म्हणजे 23. पीएचडीचे 30, सेटचे 3, पाच संशोधन पेपरचे 10. झाले 79. अनुभवाचे वर्षाला 2 प्रमाणे 6 गुण मी कॉलेजच्या कपाटात सोडून आले होते. मुलाखतीला कुणाला बोलवायचं ते ह्या बेरजेवर ठरतं, हे डिपार्टमेंटमध्ये सहा वर्षं काढूनही मला कुणी सांगितलं नव्हतं. (आमच्या सरांना तरी कुठं ठाऊक असणार. ते लागले तेव्हा हा तक्ताच नव्हता.)

मान्यतापत्रांसाठी कॉलेजात चार चकरा झाल्या. क्लार्क म्हणायचे, सीएचबीवाल्यांचं रेकॉर्ड आम्ही ठेवत नाही. पाचव्या वेळी तुम्ही शिकवलं तसं केलं. तोंडी काही मागितलं नाही, अर्ज दिला आणि माझ्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का मारून घेतला. आठव्या दिवशी तिन्ही वर्षांची पत्रं निघाली. धूळ झटकून दिली त्यांनी.

मुलाखतीचा कॉल आला, निवड झाली नाही. त्याबद्दल काय लिहायचं.

पण त्याच आठवड्यात तुम्ही हाक मारून थांबवलंत. कुणीतरी झेरॉक्स काढून मूळ कागद मशीनवरच विसरून गेलं होतं. संशोधन प्रकल्पात रिसर्च असोसिएटची एक जागा, थेट मुलाखत. 'जीवशास्त्रे' एवढं वाचून मी कागद परत दिला, माझ्या पदवीवर वनस्पतिशास्त्र लिहिलेलं. "पूर्ण वाचत जा बाई जाहिरात," म्हणालात. पुढं बारीक अक्षरात होतं, 'किंवा समकक्ष विषय'.

आता महिन्याला 58,000 आणि वर घरभाडं. प्रकल्प संपला की जागा संपली, ठाऊक आहे. पण सीएचबीचे तासाचे पैसे कधी कधी पुढच्या दिवाळीला हातात पडायचे. ह्या वर्षी परभणीला आईच्या घरावर नवे पत्रे टाकले, ते पावसाच्या आधी.

त्या सात प्रतींपैकी दोनच्या स्पायरलचे पैसे तुम्ही घेतले नव्हते. "लागली की दे," म्हणाला होतात. शनिवारी येतेय. तक्त्याच्या खालच्या दोन ओळी उन्हानं पार उडाल्यात, म्हणून मोठ्या अक्षरातला नवा टाइप करून आणते. लॅमिनेशन तुमच्याकडंच करू, पण त्याचे पैसे मात्र घ्यायचे.

तुमची,
सात प्रतीवाली