जत्रेच्या फडात पोरींचीही जोड लागू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

चैत्र लागला की आमच्या पलूस-कडेगाव भागात गावोगावच्या जत्रा सुरू होतात. रात्री पालखी-छबिना, दुसऱ्या दिवशी पाहुण्यांच्या पंगती आणि दुपारी कुस्त्यांचा फड. फडासाठी माती चाळून तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबू मिसळतात. हलगी-घुमकं घुमलं की घरात कुणाचा पाय ठरत नाही. कवठेपिरानचे हिंदकेसरी मारुती माने याच जिल्ह्यातले, आणि १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक जिंकणारे खाशाबा जाधव कराडजवळच्या गोळेश्वरचे. इथे कुस्तीचं वेड कुणाला शिकवावं लागत नाही.

म्हणूनच यंदा आमच्या जत्रेत जे पाहिलं ते मनाला लागलं. माझ्या शेजारची मुलगी तीन वर्षं तालमीत जाते. पहाटे पाचला जोर-बैठका, मग शाळा. तिची कुस्ती भर उन्हात, बारा वाजता लावली. मैदानात तेव्हा मंडप बांधणारी माणसं आणि रेवड्यांच्या कुस्तीला आलेली चिल्लीपिल्ली, एवढेच. समोरची मुलगी वजनाने चांगलीच जड. तरी हिने ढाक लावून तिला चितपट केली. इनाम काय, तर नारळ आणि टॉवेल. तिच्याच वजनाच्या मुलांना चार वाजता, भरल्या मैदानात, रोख इनाम मिळालं. कपडे बदलायला जागा नव्हती म्हणून ती पोर घरूनच तयार होऊन, वरून आईची शाल पांघरून आली होती.

कमिटीला विचारलं, तर उत्तर आलं, "बाई, पोरींना जोडच मिळत नाही."

जोड शोधली तर मिळते. मार्च २०२३ मध्ये महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा आपल्या सांगलीतच झाली आणि चांदीची गदा आपल्याच जिल्ह्याच्या प्रतीक्षा बागडीने उचलली. तालमीत मुली आहेत. फक्त मुलांच्या जोडी ठरवायला कमिटीची माणसं महिनाभर आधी वस्तादांकडे खेटे घालतात आणि मुलींची जोड मात्र फडाच्या सकाळी, जी येईल तिच्याशी लावतात. तिथे वजन कोण बघणार? शेजारच्या चार-पाच गावांनी आपापल्या तालमींतल्या मुलींची वजनासकट यादी एकमेकांना दिली, तरी प्रत्येक जत्रेत दोन-तीन बरोबरीच्या कुस्त्या लागतील. त्या चारनंतर लावा, इनाम मुलांइतकंच ठेवा, आणि देवळामागची एक खोली त्यांना मोकळी करून द्या. वर्गणी घेताना मुलीचं घर म्हणून कुणी कमी घेत नाही.

आमच्या कमिटीची बैठक शिमग्याला देवळात बसते. पुढच्या बैठकीला मी त्या मुलीच्या वस्तादांना बरोबर घेऊन जाणार आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, ता. पलूस, जि. सांगली