काजूची बोंडं सडवू नका, पण त्यासाठी जंगलही जाळू नका

संपादक साहेब, नमस्कार,

मार्च ते मे आमच्या दोडामार्गकडे कुठल्याही काजूच्या बागेत जाऊन बघा, बी पिरगळून घेतात आणि बोंड तिथंच झाडाखाली टाकतात, दुसऱ्या दिवशी आंबट वास सुटलेला आणि चिलटं घोंगावतायत. बोंडाचं वजन बीच्या पाच-सहा पट तरी भरतं, म्हणजे झाडानं पिकवलेलं बहुतेक सगळं आपण कुजवतो. हद्दीपलीकडे गोव्यात याच बोंडाची फेणी ही दारू होते, तिला २००९ सालीच जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालाय.

आपल्या राज्यानंही २०२२ मध्ये काजूबोंडं आणि मोहफुलांपासून मद्य बनवायच्या धोरणाला मंजुरी दिली, आणि पर्यावरणाच्या बाजूनं बघितलं तर माझं मत आहे की हे उसाच्या मळीच्या दारूपेक्षा कितीतरी बरं. मळीपासून एक लिटर स्पिरिट काढायला साधारण ८ ते १५ लिटर स्पेंट वॉश, म्हणजे भट्टीतलं उरलेलं सांडपाणी, तयार होतो, ते काळं-तपकिरी पाणी ओढ्यात सुटलं की मासे तडफडून मरतात, आणि मुळात ऊस किती पाणी पितो ते वेगळंच. बोंडाला वेगळी जमीन नको, खत नको, पाणी नको, ते बीबरोबर येतंच.

पण भट्टीचं काय? खरी गोची तिथं आहे. आधी नीरो, म्हणजे बोंडाचा रस, आंबवून उकळायचा आणि हुर्राक ही पहिल्या धारेची दारू काढायची आणि मग परत उकळून फेणी, म्हणजे दोनदा जाळ, आणि तोही उघड्या चुलीवर, बरीचशी उष्णता बाहेर जाते. लाकूड कुठनं येणार, तर डोंगरातनंच. शिवाय भाण्यात उरलेलं गरम आंबट पाणी सरळ व्हाळात ओतलं तर मळीवाल्यांत आणि आपल्यात फरक काय राहिला?

म्हणून उत्पादन शुल्क खात्याला माझी कळकळीची विनंती आहे, शेतकऱ्यांच्या गटांना छोटे परवाने द्या, कारण बोंड एका दिवसात खराब होतं, लांबच्या कारखान्यापर्यंत ते टिकतच नाही, भट्टी बागेजवळच हवी. पण परवान्यातच अट घाला की चूल बंदिस्त पाहिजे आणि जळण लाकडाचं नको. इथल्या काजू कारखान्यांत तेल काढलेली टरफलं मिळतात, ती चालतील (तेल न काढलेली मात्र नको, तो धूर डोळ्याला फार झोंबतो, धुराडं तर हवंच). उरलेलं पाणी गोबर गॅसच्या टाकीत आणि चोथा कंपोस्टला. येत्या हंगामाच्या आधी एवढं लिहून काढलं तरी पुष्कळ झालं.

– एक काजू बागायतदार, ता. दोडामार्ग, जि. सिंधुदुर्ग